मिलोचा डावा बूट

असा नाही, हायरम. दोर गुंडाळायचा नसतो, पिशवीत सोडायचा असतो. एक टोक बाहेर ठेव आणि बाकीचा वीतवीत करून आत जाऊ दे, कसाही पडला तरी चालेल. गुंडाळलेला दोर फेकला की हवेतच त्याचा गुंता होतो, आणि पाण्यातला माणूस त्या गुंत्याकडे बघत बघत खाली निघून जातो. हां, आता जमलं. टेस, तू त्याला दाखव. तुझा हात चांगला आहे.

आता पिशवीचं तोंड आवळायच्या आधी ही सेजची वाळकी काडी वर ठेवायची. अंगणात हे झुडूप ढिगानं आहे, काड्यांची कमी नाही. दोर फेकला की काडी पडून जाते. फेरीहून पिशवी परत आली आणि काडी जागेवर असली, तर समजायचं की दोर बाहेर निघालाच नाही. वाळत घालायची गरज नाही, तशीच खुंटीवर अडकवायची. चोवीस वर्षं मी हे करतोय. पूर्वी कुणाला सांगत नव्हतो. म्हाताऱ्याची खोड म्हणून हसले असते. आता मात्र दर एप्रिलात, नवी पोरं आली की, पहिल्याच रात्री सांगतो.

टेस, त्या चौथ्या खुंटीला हात नको.

बूटच आहे तो. हो, एकच, उलटा टांगलेला. तो कुणाचा आणि तिथं का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. दोर भरता भरता ऐका. हात थांबवू नका.

माझ्या बायकोचा, नेडाचा, धाकटा भाऊ ऑरिन. तुमच्यासारखाच याच गोदामात शिकला. अठरा वर्षं त्यानं या नदीवर होडी चालवली होती, पुरातसुद्धा. चांगला होडीवाला. पण माणूस थोडा तिखट. त्याला कुणी हसलेलं सोसायचं नाही. आणि मिलो होता सत्तावीस वर्षांचा, चौकात खरबुजं विकते त्या व्हेल्माचा मुलगा. लांब हात, मोठं तोंड. दिवसभर कुणाची ना कुणाची टर उडवणार.

आपल्यात होडी उलटली की काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल. ज्याची उलटली त्यानं रात्री सगळ्यांसमोर आपल्या ओल्या बुटात बिअर ओतायची आणि एका दमात प्यायची. वाळू, गाळ, पायाचा वास, सगळ्यासकट. ऑरिनची होडी लागोपाठ दोन वर्षं गिरणीत उलटली होती. गिरणी म्हणजे तो मोठा खळाळ, शनिवारी दाखवीन तुम्हाला. वरून पाहिलं की गुळगुळीत दिसतो. तो दिसतो तसा नाही. दोन्ही वेळा ऑरिनच्या हातात बूट देणारा मिलोच. म्हणाला, "काका, आता हा बूट वेगळाच ठेवा. प्यायचा आणि घालायचा एकच नको." सगळे पोट धरून हसले. ऑरिनही हसला. पण मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा हसत नव्हता.

दोन हजार एकोणीस साल. त्या वर्षी डोंगरावर बर्फ बेसुमार पडला होता, नदी जूनमध्ये फुगून लाल झाली होती. पाहुणे न्यायच्या आधी पाणी बघून यावं म्हणून दोघं दोन होड्या घेऊन गेले. अकरा जून, मंगळवार. दोघंच. पाहुणे नाहीत, तिसरा माणूस नाही.

गिरणीतून ऑरिन आधी उतरला. नीट उतरला. खाली होडी बांधली, दोराची पिशवी घेतली आणि खडकावर जाऊन उभा राहिला. हा नियम पाठ करा. खडकावर दोर घेऊन उभा असलेला माणूस बसत नाही, पाणी पीत नाही, पाठ फिरवत नाही. मागची होडी खाली येईपर्यंत तो त्या मागच्या माणसाचा असतो.

मिलोची होडी उलटली. मिलो वाहून गेला. पाच दिवसांनी अकरा मैल खाली, झाऊच्या झुडपांत सापडला. अंगात आपलं लाल, तरंगायचं जॅकेट होतं. डाव्या पायात बूट नव्हता.

ऑरिननं शेरीफला सांगितलं की दोर फेकला. एकदा नाही, दोनदा. मिलोनं हात केला, पण हातभर चुकला. तेच त्यानं मातीच्या वेळी व्हेल्माला सांगितलं. ती रडत नव्हती. तिनं विचारलं, "हातभर म्हणजे कुणाचा हात, ऑरिन? माझ्या मिलोचा हात लांब होता."

ऑरिननं नेडाकडे पाहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. "व्हर्ल, पिशव्या तू भरतोस. तू पाहिली असशील. दोर ओला होता?"

मी पाहिली होती ना. फेरीचं सामान उतरवलं तेव्हा ऑरिनची पिशवी माझ्याच हातात आली होती. तोंड आवळलेलं. मी ते सैल केलं. वरती सेजची काडी... जशी मी ठेवली होती तशी. आडवी. कोरडी.

समोर व्हेल्मा, शेजारी नेडा, नेडाच्या मागे ऑरिनच्या दोन मुली. धाकटी सहा वर्षांची होती. मी म्हणालो, "हो व्हेल्मा. ओला होता."

तिनं मान हलवली आणि घरी गेली. त्या दिवसापासून सगळं गाव म्हणायला लागलं की मिलोचीच चूक झाली. बडबड्या होता, ऐन वेळी हात कच्चा पडला. दहा आठवडे गाव हे म्हणत होतं आणि दहा आठवडे मी ऐकत होतो.

आता त्या रात्रीचं सांगतो. तीस ऑगस्ट, शुक्रवार. त्या रात्री चंद्रच नव्हता. पाऊस म्हणाल तर एकवीस दिवसांत थेंब नाही. आपल्याकडे ओला टॉवेल टांगला तर तासाभरात पापडासारखा कडक होतो, तसले दिवस.

खालच्या धक्क्यावर मुक्कामाला असलेल्या आपल्या पोरांची दोन वल्ही मोडली होती. सकाळी पाहुणे येणार. ऑरिन आमच्याकडे जेवला, मटण आणि मक्याची कणसं, आणि म्हणाला, मी देऊन येतो. बत्तीस मैल, कच्चा रस्ता. मी स्वतः त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात सहा वल्ही टाकली. कोरडी. पुन्हा सांगतो, कोरडी ठणठणीत. आठ चाळीसला तो निघाला. नेडानं त्याच्या मुलींसाठी खरबूज दिलं, ते त्यानं पुढच्या सीटवर ठेवलं.

त्या रस्त्यावर फोन फक्त तीन चढांवर लागतो. बाकी सगळी दरी, ओढे आणि खडक. म्हणून त्याचे तीनच फोन आले.

पहिला नऊ वाजून वीस मिनिटांनी.

"दाजी, गाडीत पाणी सांडलं होतं का तुम्ही?"

"मी कशाला सांडू?"

"पायाखाली पाणी आहे. बूट भिजले माझे."

"खरबूज फुटलं असेल."

"खरबुजातून लाल पाणी येतं होय? गाळ आहे त्यात, दाजी."

"मग रेडिएटर बघ."

"रेडिएटरला नदीचा वास येतो का?" तो हसला. "म्हातारे झालात तुम्ही. कुठलीतरी ओली पिशवी टाकली असेल गाडीत आणि विसरला असाल."

मीही हसलो. फोन ठेवला. नेडा भांडी पुसत होती. म्हणाली, काय म्हणतो? मी म्हटलं, काही नाही, चेष्टा करतोय.

दुसरा फोन नऊ पंचावन्नला. या वेळी तो हळू बोलत होता. शेजारी कुणी झोपलेलं असावं, तसा.

"दाजी, रस्त्यात एक माणूस उभा होता."

"गाडी बिघडली असेल कुणाची. घे ना बरोबर."

"जॅकेट घातलंय त्यानं. आपलं, लाल."

"इतक्या लांब? आपल्यापैकी कोण?"

"हात वर केला होता. पाण्यातून करतात तसा. बोटं पसरून." श्वास घेतला त्यानं. "तो ओला होता, दाजी. त्याच्याखालची माती ओली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एका पायात बूट नव्हता."

ताटं कपाटात ठेवल्याचा आवाज आला. नेडा गुणगुणत होती.

"कुठला पाय?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"डावा."

"तू थांबलास?"

"नाही थांबलो. जोरात पुढे काढली गाडी. पण आता... आता मागे कसला तरी आवाज येतोय. हौद्यात." मग त्यानं फोन मागच्या काचेजवळ नेला असावा. मला ऐकू आलं. लाकडावर लोखंड. कुईं... धप. कुईं... धप. टेस, आज दुपारी अंगणातल्या होडीत बसून तू वल्हं फिरवून पाहिलंस, तुला तो आवाज ओळखता येईल. वल्हं कडीत फिरतं तो. एका लयीत. कोरड्या रस्त्यावर, पळत्या गाडीत, कुणीतरी वल्ही मारत होतं.

"परत फीर," मी म्हणालो.

"वळायला जागा नाही," तो म्हणाला. फोन गेला.

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. गाडीची किल्ली हातात होती. पण निघालो नाही. मनाला सांगत होतो, दमलाय तो, झोप येतेय त्याला. खरं सांगू? मला कळलं होतं. मला तो डावा पाय ऐकल्यावरच कळलं होतं.

दहा वाजून एकतीस मिनिटं. तिसरा फोन.

आधी शब्द नव्हते. नुसता आवाज. तो आवाज मी चोवीस वर्षं ऐकलाय, झोपेतही ओळखीन. गिरणी. पूर आलेली गिरणी. जमीन हलते असा. तिसऱ्या चढाखाली एक ओढा आहे. एकवीस दिवस कोरडा. तिथून नदी अठरा मैल.

"दाजी..."

"ऑरिन, कुठं आहेस?"

"गाडी बंद पडली. दारं उघडत नाहीत. तो शेजारी बसलाय. तो विचारतोय. दोर कुठाय म्हणतो. मी सांगितलं, फेकला होता. दोनदा फेकला. नाही ऐकत. दाजी, तुम्ही सांगा त्याला. पिशवी तुम्ही पाहिलीत. तुमचं तो ऐकेल. तुम्ही व्हेल्माला सांगितलंत ना तसं सांगा. मी फोन धरतो त्याच्याकडे."

पोरांनो, मी फोन कानाला लावून उभा होतो. पलीकडे ऑरिनचा श्वास ऐकू येईना. पाण्याचा आवाजही एकदम थांबला. कुणीतरी ऐकत होतं. मला ते जाणवत होतं. माझ्या कानाशी... गार लागलं.

एक शब्द बोलायचा होता. हो. बस. एकदा बोललो होतोच. दुसऱ्यांदा काय जड होतं? नेडाचा भाऊ. दोन पोरींचा बाप.

मी म्हणालो, "काडी जागेवर होती, मिलो."

मग उरलेलंही सांगितलं.

"दोर कोरडा होता. मी तुझ्या आईशी खोटं बोललो."

मग ऑरिन रडायला लागला. लहान पोरासारखा. माझ्याशी नाही बोलला तो, शेजारच्याशी बोलला. "मला वाटलं, थोडं पिऊ दे. एवढंच रे. थोडं गाळाचं पाणी पिऊ दे याला, मग फेकू. रात्री बूट देणार होतो तुझ्या हातात. तू वर बघत होतास. मी म्हटलं, अजून थोडं... अजून थोडं. आणि मग तू दिसलाच नाहीस. मिलो, मी... "

तो थांबला.

"हे काय?" ऑरिन म्हणाला. "नको. नको, गाळ आहे त्यात."

तेव्हा मी मिलोचा आवाज ऐकला. रागावलेला नव्हता. चेष्टेचाच होता, नेहमीसारखा, भरल्या तोंडानं कुणी बोलावं तसा.

"पी, काका. एका दमात."

फोन बंद झाला नाही. चार मिनिटं चालू होता. मी ऐकलं.

काय ऐकलं ते नाही सांगणार.

शेरीफचा माणूस आणि मी बारा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. गाडी ओढ्याच्या मधोमध उभी होती. दिवे चालू. ओढा कोरडा, वाळूवर गाडीच्या चाकांखेरीज दुसरी खूण नाही. दारं आतून लावलेली. हौद्यात सहा वल्ही, मी ठेवली तशी, कोरडी. पुढच्या सीटवर खरबूज. अख्खं.

ऑरिन पट्टा लावून बसला होता. कपडे कोरडे. केस कोरडे. हनुवटीवरून छातीपर्यंत लाल गाळाचा ओघळ. मांडीवर दोन्ही हातांत एक बूट धरलेला, प्यायचा पेला धरतात तसा. डावा बूट. रिकामा.

डॉक्टरनं कागदावर काय लिहायचं ते ठरवायला तीन दिवस घेतले. छातीत नदी भरलेली होती. अठरा मैलांवरची नदी. शेवटी त्यानं काहीतरी लिहिलं. आम्ही वाचलं नाही.

ऑरिनची माती झाली त्याच संध्याकाळी मी व्हेल्माकडे गेलो. ती दुकानापाशी उरलेली खरबुजं झाकत होती. मी सगळं सांगितलं. काडीपासून. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ताडपत्रीची दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "हे तू मला जूनमध्ये सांगायचं होतंस, व्हर्ल. मेलेल्या पोराला ऑगस्टमध्ये यावं लागलं."

शेरीफनं तो बूट तिच्याकडे दिला होता, मुलाची वस्तू म्हणून. आठवड्यानं ती इथं गोदामात आली. माझ्याशी बोलली नाही. ऑरिनची पिशवी अडकवायची ती खुंटी विचारली. चौथी. पिशवी काढून खाली टाकली आणि बूट उलटा टांगला. म्हणाली, "ओला आहे अजून. वाळला की सांग, घेऊन जाते."

झाली त्याला काही वर्षं. अजून दर रविवारी चौकात भेटते. खरबूज तराजूत घालता घालता विचारते, "वाळला का?" मी म्हणतो, "नाही, व्हेल्मा." ती सुटे पैसे देते.

खोटं वाटतं? वाटू दे. मलाही वाटतं, दिवसा.

झालं. पिशव्या मोजा. किती झाल्या? नऊ. हायरम, तुझ्या शेवटच्या पिशवीत काडी ठेवायची राहिली. ठेव. आणि एक ध्यानात धर. पाण्यात माणूस दिसला की आधी दोर टाक. तो कोण आहे, तुला काय बोलला होता, ते नंतर. टेस, तूही.

दिवा मालवायच्या आधी जरा खुंटीकडे बघून ये, टेस. लाव हात, आता लाव. ऑक्टोबरपासून इथली एकही होडी पाण्यात गेलेली नाही. बघ, ओला लागतो का.

काय म्हणालीस?

मोठ्यानं बोल.

सरळ? नाही, सरळ कसा असेल... मी स्वतः बघितलं ना, कुलूप काढताना. उलटा होता. मघाशी तूच विचारलंस, उलटा का म्हणून.

भरलेला?

काठापर्यंत.

नको. ओतू नकोस. हायरम, तूही हात लावू नकोस, बाहेर जा. टेस, तो सांभाळून उतरव, दोन्ही हातांनी. सांडू देऊ नकोस. आण इकडे. माझ्या खुर्चीपाशी ठेव. असा.

घाबरू नका. तुमच्यासाठी नाही तो.

नदीचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून आपण का पितो, ते उद्या मुक्कामावर शिकवणारच होतो. गाळ खाली बसावा लागतो. ऑरिनला तेवढा वेळ मिळाला नाही.

जा आता झोपायला. दार ओढून घ्या.

मी बसतो. सकाळपर्यंत गाळ बसेल खाली. मग एका दमात.